१९२३ सालचा टायर

सुरूर फाट्याच्या अलीकडे पंक्चरचं एक पत्र्याचं खोपटं आहे. तिथल्या पोराने टायरवर साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे आले तिथला खिळा पकडीने उपसून माझ्या तळहातावर ठेवला आणि हात पुसता पुसता सहज विचारलं, "ताई, गाडी सेकंडमधली का?"

मला राग आला. आठ महिन्यांपूर्वी, ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर हार घालून शोरूममधून बाहेर काढलेली गाडी. सात हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. सीटांवरचं प्लास्टिक सासूबाईंनी आत्ता कुठे दिवाळीला काढू दिलं होतं.

"नवी आहे," मी म्हटलं.

"मग टायर असा कसा?" त्याने टायरच्या बाजूवरचा चिखल अंगठ्याने पुसला. लंबगोल चौकटीत चार आकडे होते. १९२३.

"एकोणीसशे तेवीस?" मी वेड्यासारखं विचारलं. मागे सीटवर बसलेली लेक खुदकन हसली.

"नाही ओ ताई. तेवीस सालचा एकोणिसावा आठवडा. म्हणजे मे महिना." त्याने उरलेल्या तिन्ही चाकांवरून अंगठा फिरवला. एकावर १८, दोनांवर १९, पुढे २३. मग माझ्या तोंडाकडे बघून तोच बिचारा ओशाळला. "टायर गोडाऊनला पडून असतात कधी कधी. तुम्ही आरसी बघा की."

आरसी समोरच्या कप्प्यात, स्वामींच्या फोटोबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात होती. शोरूमने दिली त्या दिवशी मी ती कपाळाला लावून आत ठेवली होती. आता काढून वाचली. उत्पादनाचा महिना आणि वर्ष : ०६/२०२३.

एप्रिल २०२४ ला 'नवी' म्हणून घेतलेली माझी गाडी जून २०२३ मध्ये तयार झाली होती. दहा महिने ती कुठेतरी उभी होती. एक आख्खा पावसाळा, एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा. मी पंक्चरचे शंभर रुपये दिले, गाडी सुरू केली. खंबाटकीचा बोगदा कधी आला आणि कधी गेला मला कळलं नाही. लेक दोनदा म्हणाली, "आई, हळू."

आता यातली खरी नामुष्की सांगते. मी गेली २३ वर्षं एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. वाहन तारण कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. आरसीवरचा उत्पादनाचा महिना पाहिल्याशिवाय मी कोणाच्या जुन्या गाडीवर एक रुपया मंजूर केलेला नाही. लोक मला तोंडावर 'मॅडम फार बारीक बघतात' म्हणतात, मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आणि स्वतःच्या घामाचे दहा लाख मोजताना मी बघितलं काय, तर रंग. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघणारी बाई मी!

सेडानच का, हे आता पुन्हा उगाळत नाही. घरात ते भांडण सहा महिने चाललं. शेजारीपाजारी सगळ्यांनी उंच गाड्या घेतल्या आहेत, पण त्यांचं बजेट ते माझं नाही. रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या आत आणि डिकी बंद, मोठी, ही माझी अट होती. सासूबाईंचा वॉकर, त्यांची घडीची कमोड खुर्ची, लेकीची होस्टेलची बॅग, आणि गावाकडून, मेढ्याच्या पुढून, येताना तांदळाचं एक पोतं. हॅचबॅकमध्ये यातलं निम्मं मांडीवर घ्यावं लागतं.

या बजेटात पर्याय तरी किती? डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर. चारही चार मीटरच्या आतल्या. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं, आणि तेव्हापासून चार मीटरची रेघ कंपन्यांच्या डोक्यात पक्की बसली. डिझायर २००८ मध्ये आली ती चार मीटरपेक्षा लांब होती. २०१२ मध्ये तिची शेपूट छाटून ३,९९५ मिलिमीटरची केली. या गाड्यांच्या मागचा भाग कोणीतरी सुरीने कापल्यासारखा का दिसतो, ते यावरून कळावं. मी कोणती घेतली ते लिहीत नाही. गाडीचा दोष नाही. गाडी चांगली आहे. दोष आहे तो विकणाऱ्यांचा, आणि थोडा माझा.

शोरूममध्ये शिरल्यापासून तो मुलगा आमच्या ह्यांच्याशी बोलत होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टी, हातात टॅबलेट. "सर, मायलेज बघा. सर, टॉर्क बघा." ह्यांना गाडी येत नाही. आयुष्यात त्यांनी लुनाच्या पुढे काही चालवलेलं नाही, आणि तीही १९९८ साली विकली. ते तीनदा म्हणाले, "गाडी ही घेणार आहे, तिला सांगा." त्यावर तो मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "ताईंना ऑटोमॅटिक दाखवू? लेडीजना सोपी पडते. आणि रंग कोणता आवडतो ताईंना?" मी १९९७ पासून गाडी चालवते. संस्थेची जीप घेऊन पाटण खोऱ्यात वसुलीला गेलेली बाई आहे मी. पण तेव्हा गिळलं. खरेदीच्या दिवशी कुठे भांडायचं, म्हणून गिळलं. तिथेच चुकलं असं आता वाटतं. जो माणूस पैसे कोण देतंय तेसुद्धा नीट बघत नाही, तो बाकीचं काय नीट सांगणार होता?

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली आणि तिचं श्रेय मी सोडणार नाही. सासूबाईंचा वॉकर आणि कमोड खुर्ची मी रिक्षात घालून शोरूममध्ये नेली. तो मुलगा हसला. त्याच्या बरोबरीचा आणखी एक हसला. "ताई, चारशे लिटरची डिकी आहे, काय विचारता!" हसू देत. लिटर हा पाण्याचा हिशेब आहे, खुर्चीचा नाही. पहिल्या गाडीत ती खुर्ची डिकीच्या तोंडातूनच आत जाईना. आत जागा भरपूर, पण तोंड अरुंद, आणि झाकणाच्या बिजागऱ्या आत वाकून सामानावर टेकणाऱ्या. दुसऱ्या गाडीत आडवी करून बसली. मी ती निवडली. म्हणून सांगते, तुमच्या घरातली जी सर्वांत अवघड वस्तू असेल, बाळाची गाडी असो, तबल्याची जोडी असो की क्रिकेटचं किट असो, ती उचलून न्या. लाज शोरूमवाल्यांना वाटू द्या.

सीएनजीचा विचारही तिथेच गळाला. आकर्षण मोठं होतं, साताऱ्याहून पुण्याला महिन्यातून चार फेऱ्या होतात. पण टाकी डिकीत बसते आणि वॉकर बाहेर राहतो. त्या वेळी फक्त टिगोरमध्ये दोन छोट्या टाक्या खाली बसवून वर थोडी जागा ठेवलेली होती. सीएनजी घेणाऱ्याने टाकी बसवलेली गाडीच उघडून बघावी, पेट्रोलच्या गाडीची डिकी बघून 'अंदाज' करू नये. आणि दर ३ वर्षांनी टाकीची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो, हे बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही.

मग घासाघीस. माझा हा प्रांत. एक्स-शोरूम किंमत ८ लाख २० हजार, त्यावर पेट्रोल गाडीचा रस्ता कर आपल्याकडे ११ टक्के, तो कुठे जात नाही. कोटेशनमध्ये 'हँडलिंग'चे साडेसहा हजार दिसले. मी पेनाने उभी रेघ मारली. गाडी तुमच्या शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो, तो पुन्हा माझ्याकडून कशाला? मुलगा आत गेला, बाहेर आला, ते साडेसहा काढले. (शेवटच्या बिलात 'लॉजिस्टिक्स' म्हणून पाच हजार पुन्हा आले, तो वेगळा तमाशा.) विमा त्यांनी ४६ हजारांचा लावला होता. आमच्या एजंटाने त्याच कव्हरचे ३७ सांगितले. थर्ड पार्टीचे ३ वर्षांचे पैसे सरकारने ठरवलेले असतात, या इंजिनांना तेव्हा १०,६४० रुपये आणि वर जीएसटी; तिथे कोणी कमीजास्त करू शकत नाही. फरक असतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती नसते. एवढं म्हटलं की त्यांचा आकडा आपोआप उतरतो. आमचा ३८ वर आला.

आणि शेवटी मी सरळ २२ हजारांची सूट मागितली. मुलगा म्हणाला, अशक्य. मॅनेजर आला, चहा आला, कॅल्क्युलेटर आला. मॅनेजरने उसासा टाकला, फोन लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ताईंसाठी स्पेशल केस." मी घरी येऊन हे चार जणांना सांगितलं. संस्थेत पेढे वाटताना तर तिखटमीठ लावून सांगितलं. ह्यांनी कौतुकाने मान डोलावली. ती २२ हजारांची कहाणी मला आता आठवली की कानशिलं गरम होतात. का, ते पुढे येईलच.

सह्या झाल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचनंतर. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे डझनावारी गाड्या निघायच्या होत्या. काउंटरवर गर्दी, लेकरं रडतायत, कोणाचा तरी नारळ फुटत नाहीये. तो मुलगा कागदाचा गठ्ठा पुढे ठेवून फक्त बोटाने जागा दाखवत होता. इथे, इथे, आणि इथे. मी २३ वर्षं दुसऱ्यांना म्हणत आले, वाचून सही करा. त्या दिवशी मी ३० सह्या न वाचता केल्या. दुसऱ्या दिवशी लाल कापड ओढलं, भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीबरोबर फोटो निघाला. किल्ली ह्यांच्या हातात दिली होती, हे सांगायला नकोच.

त्या डिसेंबरात सुरूरहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी शोरूममध्ये गेले. हा भाग लिहायला बसले की हात आपोआप जोरात चालतो.

आधी तो मुलगा नाही म्हणाले. मग आहे म्हणाले, पण टेस्ट ड्राइव्हला गेलाय. तो काचेच्या केबिनमध्ये मला दिसत होता. पाऊण तासाने आला. एप्रिलमधली 'ताई' डिसेंबरात 'मॅडम' झाली होती. मी आरसी पुढे ठेवली. त्याने ती हातात घेतली नाही, नुसती मान तिरकी करून बघितली. "मॅडम, रजिस्ट्रेशन चोवीसचंच आहे ना? मग चोवीसचीच गाडी." मी म्हटलं, "माझ्या मुलीचं नाव शाळेत पाच वर्षांनी घातलं म्हणून ती पाच वर्षं उशिरा जन्मली का?" तो गप्प. मग मॅनेजर. बाई, पाणी घ्या. पाणी घेतलं. मॅनेजरने फाइल मागवली, चाळली आणि एक कागद माझ्याकडे फिरवला. इंग्रजीत बारीक अक्षरात एक ओळ : वाहनाच्या उत्पादनाच्या महिन्याची व वर्षाची कल्पना ग्राहकास देण्यात आली असून ग्राहकाची हरकत नाही. खाली माझी सही. माझीच. शेवटच्या अक्षराला मी जो झोका देते तोसुद्धा होता.

"आणि मॅडम, त्या स्टॉकवर तुम्हाला डिस्काउंट दिलेलाच आहे की."

मी विचारलं, "कोणता डिस्काउंट?"

"बावीस हजार."

तेव्हा उजेड पडला. पंक्चरवाल्याच्या खोपटात पडला तो निम्माच होता. माझ्या घासाघिशीला तो माणूस नमला नव्हता. गाडी जुन्या साठ्यातली, तिच्यावर सूट द्यायचीच होती. मी मागितलेला आकडा त्यांच्या खिशात असलेल्या आकड्यापेक्षा कमी होता, म्हणून उसासा टाकून त्यांनी मला जिंकू दिलं. पुढे मार्चअखेरीला संस्थेच्याच एका सभासदाच्या फाइलमध्ये त्याच शोरूमचं बिल माझ्या टेबलावर आलं. तीच गाडी, तेच मॉडेल, २०२३ चीच, सूट ४८ हजार. तो सभासद स्वतः ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला असणार, कोणत्या महिन्याची? मी विचारलं होतं, पांढरी मिळेल का?

जुन्या महिन्याची गाडी विकणं गुन्हा नाही, हे मी मान्य करते. कारखान्यातून निघालेली प्रत्येक गाडी त्याच आठवड्यात विकली जाणार नाही. दोन-तीन महिन्यांची असली तर मी कुरकुर केली नसती. वर्ष बदललेलं असेल आणि स्पष्ट सांगून, घसघशीत सूट देऊन विकत असतील, तर दहा वर्षं गाडी वापरणाऱ्या माणसाने जरूर घ्यावी. तो सौदा वाईट नाही. पण चार-पाच वर्षांनी विकायची असेल, तर घेणारा आधी विचारतो, 'कितीची?' आणि त्याचं उत्तर आरसीवर छापलेलं असतं, पाडव्याच्या फोटोत नसतं. एक वर्ष तुम्ही न चालवता गेलेलं असतं. शिवाय उघड्यावर उभी राहिलेली गाडी आतून कशी राहते? माझी बॅटरी सातव्या महिन्यात बसली होती. तेव्हा मला म्हणाले, मॅडम तुम्ही गाडी कमी चालवता. लेकीला सोडायला महिन्यातून चारदा पुण्याला जाणारी बाई गाडी कमी चालवते!

म्हणून आता जे मी कोणाच्याही खरेदीला गेले की करायला लावते, ते लिहून ठेवते. बुकिंगचे पैसे द्यायचे तेवढेच द्या. उरलेली रक्कम देण्याआधी चॅसी नंबर लेखी मागा, मेसेजवर चालेल, आणि ती विशिष्ट गाडी, तिच्यासारखी दुसरी नव्हे, त्यांच्या यार्डात जाऊन बघा. यार्ड गावाबाहेर असतं, 'तिकडे कस्टमर अलाउड नाही' म्हणतात. मग आम्हीही अलाउड नाही म्हणायचं. हे सगळं बिल फाडण्याआधी आणि नंबर पडण्याआधी. हल्ली नंबर शोरूममधूनच पडतो, आणि एकदा तो तुमच्या नावाने पडला की गाडी तुमची. मग यार्डात जाऊन बघा नाहीतर महाबळेश्वरला जाऊन बघा. उत्पादनाचा महिना फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, लिहिलेला असतो. चॅसी नंबरमधली अक्षरं ओळखायचं कोष्टक लोक पाठ करतात, पण कंपनीगणिक खुणा वेगळ्या असतात. कागद मागणं सोपं.

पाचही टायर बघा, स्टेपनी धरून. टायर गाडीपेक्षा महिना-दोन महिने आधीचा असतोच, त्याने घाबरू नका. चार एका काळातले आणि एक भलत्याच काळातला असेल तर मात्र विचारा. आणि स्टेपनीचा आकार वाचा. माझ्या गाडीची चार चाकं १५ इंची आणि स्टेपनी १४ इंची, हे मला त्या खोपटातच कळलं. लहान स्टेपनी लावून हमरस्त्यावर वेगाने जायचं नसतं. रबराच्या पट्ट्या दाबून बघा, बॉनेट उघडून वायरी बघा. आमच्या एका नातेवाइकाच्या कोऱ्या गाडीत उंदराचं घरटं निघालं. ब्रेकच्या चकतीवर लालसर थर दिसेल, तो गाडी चालली की जातो, त्यावरून भांडू नका. तिथे भांडलात की तुम्हाला काही कळत नाही हे त्यांना कळतं.

मुहूर्ताला डिलिव्हरी घ्या, पण सह्या मुहूर्ताला करू नका. आठ दिवस आधी, दुपारच्या रिकाम्या वेळी जा, चष्मा घेऊन जा. प्रत्येक कागदाचा फोटो काढा. घाई करू नका, चार ठिकाणी चौकशी करा, हे तर कोणीही सांगेल.

टेस्ट ड्राइव्हबद्दल एकच. आम्हाला सर्व्हिस रोडवरून तीन किलोमीटर फिरवलं, सपाटीवर, दोघं नि तो मुलगा. तसं सगळंच छान चालतं. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, आणि समोर यवतेश्वरचा घाट असला की १.२ लिटरचं इंजिन काय म्हणतं, ते मला जूनमध्ये कासला जाताना कळलं. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. चालते, चढते, पण आधी कळलं असतं तर मन तयार राहिलं असतं. हट्ट धरा, घर गाडीत कोंबा आणि घाटात न्या. जे मॉडेल घेणार तेच चालवा. डेमोची गाडी बहुतेक सगळ्यात वरचं मॉडेल असते.

मी सासूबाईंना नेलं नव्हतं. त्यांची खुर्ची नेली, त्यांना नाही! सेडानची सीट खाली असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस तिच्यात बसत नाही, पडतं; आणि निघताना दोघांनी उपसावं लागतं. पहिल्या दिवशी मंदिरापुढे त्या म्हणाल्या, "बाई, विहिरीतनं काढल्यावानी काढतीस मला." आता तीन इंचांची कडक उशी आहे आणि उशीवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी. पाय बाहेर ठेवून आधी बूड टेकायचं, मग पिशवीवर घसरत अख्खं अंग एकदम आत फिरवायचं. गुडघ्याला पीळ बसत नाही. बाहेर पडतानाही तसंच. बसल्यावर पिशवी ओढून काढायची आणि मग पट्टा लावायचा. फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलेली ही युक्ती. गाडीबद्दलच्या साऱ्या सल्ल्यांत मला सगळ्यात उपयोगी पडलेली हीच.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल तो मुलगा काही बोलला नाही, आणि विचारायचं मला सुचलं नाही. नंतर वाचलं. नावावर तारे बघू नका, कोणत्या पिढीची गाडी ते बघा. डिझायरचंच घ्या, ग्लोबल एनकॅपमध्ये आधीच्या पिढीला प्रौढांच्या सुरक्षेचे दोन तारे होते, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या पिढीला पाच. नाव तेच, पाटी तीच, गाडी मात्र वेगळी. आता आपल्याकडे भारत एनकॅपही आहे. आणि मागे मधोमध बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हे हाताने ओढून बघा. मधे नेहमी बाईच बसते.

तक्रारीचं काय झालं, असं सगळे विचारतात. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. आयोगात जायची तयारी होती. माझ्या रकमेला फी अवघी २०० रुपये, मुदत दोन वर्षं. पण वकील म्हणाले, सही आहे, लढाई लांबेल. हेल्पलाइननंतर मात्र शोरूमचा फोन आपणहून आला. नवी बॅटरी आणि वाढीव वॉरंटीचे पैसे परत, यावर मिटवलं. मिटवलं म्हणजे मी दमले. एकट्या बाईला त्या काचेच्या केबिनबाहेर चौथ्यांदा ताटकळत बसवत नाही. ज्यांना जमेल त्यांनी पुढे जावं, मी कागद लावून द्यायला येईन.

मीठ चोळायला सरकारही होतंच. मी घेतली तेव्हा या गाड्यांवर जीएसटी २८ टक्के, वर १ टक्का उपकर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरळ १८ झाला. यात कोणाची चूक नाही, पण ती बातमी वाचताना मी वर्तमानपत्र जरा जोरात मिटलं.

त्या दिवाळीत नणंदेने गाडी घेतली. मी बरोबर गेले. दुसरं शोरूम, दुसरं गाव, पण टॅबलेट तसाच आणि पट्टीही तशीच. तो मुलगा नंदावांकडे बघून "सर" म्हणायला लागला तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनीशी बोला." मी विचारलं, कोणत्या महिन्याची? तो म्हणाला, "मॅडम, लेटेस्ट." मी म्हटलं, "लेटेस्ट नावाचा महिना माझ्या कॅलेंडरात नाही." दोन तासांनी आम्ही यार्डात उभ्या होतो, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, आणि नणंद वाकून टायरवरचा चिखल अंगठ्याने पुसत होती. सप्टेंबरची निघाली. सूटही नीट मिळाली. तिने पेढे वाटताना काय सांगितलं ते मी ऐकायला थांबले नाही.

आमच्या शोरूमचे मेसेज अजून येतात. बँकेचे हप्ते माझ्या पगारातून, आरसी माझ्या नावाची, मोबाइल नंबर माझा, आणि मेसेज येतो 'प्रिय सर' म्हणून. परवा आला : आपल्या लाडक्या गाडीला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! खाली केक, फुगे आणि सर्व्हिसिंगवर दहा टक्के सवलत. ९ एप्रिलला.

मी उत्तर टाकलं, "तिचा वाढदिवस जूनमध्ये असतो."

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.